सगळ्यांचंच असं होतं

तहसील कार्यालयात लिपिकाची किंमत पदावरून नव्हे, टेबलावरून ठरते. पगार तोच, पदनाम तेच. पण पुरवठ्याच्या किंवा गौण खनिजाच्या टेबलावर बसलेल्या बाबूला गावोगावचे सरपंच आपणहून नमस्कार घालतात आणि बारनिशीवर टपाल घेणाऱ्याला 'ओ, जरा शिक्का मारा' एवढंच ऐकू येतं. कुठलं टेबल कुणाकडे, याचा लेखी कार्यवाटप आदेश निघायला हवा. आमच्याकडे तो कित्येक वर्षं निघाला नव्हता. नवे साहेब आले की मोठ्या बाबूंना आत बोलावत. मोठे बाबू बाहेर येऊन दाराशीच उभे राहत, 'तू इकडे बस, तू तिकडे' म्हणत, आणि वाटप होऊन जाई.

मी 2012 साली जिल्हा निवड समितीच्या परीक्षेतून लिपिक-टंकलेखक म्हणून पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याला रुजू झाले. माझ्यासोबत आणखी दोघे होते. एकाला रोजगार हमी मिळाली, दुसऱ्याला संजय गांधी निराधार योजना, मला अभिलेख कक्ष. 'बाईमाणसाला गर्दीपेक्षा हे निवांत बरं,' मोठे बाबू म्हणाले. पुढं माझ्यानंतर लागलेल्या एका मुलीला थेट पुरवठ्यात बसवलं, तेव्हा बाईमाणसाचं कारण आपोआप गळून पडलं. मग खरं कारण काय, हे कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचं कुणाला, आणि कोणत्या कागदाचा हवाला देऊन? आदेशच नव्हता.

अभिलेख कक्षाचं काम हलकं आहे, असं मी आजही म्हणणार नाही. 'अ' वर्गाचे कायम ठेवायचे कागद, 'ब' वर्गाचे तीस वर्षं ठेवायचे, 'ड' वर्गाचे वर्षभरात नष्ट करायचे. जुनी हक्कनोंदणी, पेरेपत्रकं, गावोगावच्या कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी. हे सगळं जिथं लावलेलं असतं तिथून तालुक्याची नाडी कळते. मला ते काम आवडू लागलं होतं. खटकत होतं ते वेगळंच. बाकीच्यांची टेबलं फिरत होती, माझं हलत नव्हतं. बदल्यांच्या 2005च्या कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे. तो कधीच उलटून गेला होता.

माझ्या पाठीमागं माझा उल्लेख 'कोट्यातल्या मॅडम' असा होई. निवड यादीत माझं नाव खुल्या प्रवर्गाच्या गुणवत्तेत बसलं होतं. असं झालं की उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी बिंदुनामावलीत त्याची नोंद खुल्या बिंदूवर घेतात. राखीव जागा भरली असं धरत नाहीत. आस्थापनेच्या बाबूंना हे माहीत होतं, कारण ती नामावली त्यांच्याच कपाटात होती आणि तपासणीसाठी विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडे तेच घेऊन जात. मी मात्र कधी कुणाला हे ऐकवलं नाही. ऐकवलं असतं, तर राखीव बिंदूवर आलेली माणसं खरोखरच उणी असतात, असं मीच मान्य केल्यासारखं झालं असतं. राज्याच्या 2001च्या आरक्षण कायद्यानं अनुसूचित जातींसाठी ठेवलेल्या 13 टक्के जागांवर येणाराही तोच पेपर सोडवतो आणि मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचं तेच टंकलेखन पास होऊन येतो.

बाकीच्या गोष्टी इतक्या बारीक होत्या की तक्रारीत लिहायला घेतल्या तर वाचणाऱ्याला हसू यावं. डब्याच्या वेळी कुणी तरी विचारी, 'आज मटण नाही ना मॅडम?' त्या दिवशी माझ्या डब्यात मेथी असली तरी. 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जायला रजा टाकली की अर्जावर सही करताना एक शेरा तोंडी मिळे, 'तुमच्या लोकांना गाडी फुकटच असते म्हणा.' मी आरक्षणाचं तिकीट काढून जात असे, पण तिकीट दाखवायला लागणं हाच मुळात अपमान होता. कार्यालयात सत्यनारायण ठरला की मी वर्गणी देई, पूजेला बसत नसे. त्याची नोंद कुठं तरी होत होती, हे मला पुढं कळलं.

आणि चहा. महिन्याच्या चहाची वर्गणी एक शिपाई गोळा करायचा. सुरुवातीला माझ्याकडेही यायचा. मग केव्हा तरी यायचा थांबला. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, तुम्ही आत रेकॉर्डला असता, चहा थंड होतो ना.' त्या बिचाऱ्याला जे सांगितलं होतं ते त्यानं सांगितलं. 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून लागलेल्या बाबासाहेबांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातलं पाणी घ्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. आमच्याकडे हरकत घेण्याचीही गरज पडली नाही. वर्गणीच मागायची नाही, मग कप वेगळा ठेवायचा प्रश्नच येत नाही.

लोक विचारतात, ॲट्रॉसिटी का नाही केली? 1989चा तो कायदा मला पाठ आहे. जातीवरून अपमानाचा गुन्हा ठरायला तो अपमान लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो. 2020 साली हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलं. माझ्याबाबतीत उच्चार असा काही झालाच नव्हता. जातीचं नाव कुणी घेतलं नाही, शिवी दिली नाही. उलट मी खोलीत आले की एखादा हसत म्हणे, 'जपून बोला रे, नाहीतर ॲट्रॉसिटी.' मी त्या कायद्याचं नावही कधी काढलं नव्हतं. पण त्या विनोदानं माझं तोंड आधीच बंद करून ठेवलं होतं: आता मी काहीही म्हटलं की ती धमकीच ठरणार. बायकांच्या लैंगिक छळासाठी 2013च्या कायद्यानं दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात तक्रार समिती दिली आहे. जातीवरून पडणाऱ्या या बारीक टाचण्यांसाठी कार्यालयाच्या आत जाऊन बसता येईल अशी खोली मला सापडली नाही.

तरीही मी बोलले नाही असं नाही. टेबलाबद्दल बोलले, रजेबद्दल बोलले, संगणक मिळत नाही म्हणून बोलले. उत्तर प्रत्येक वेळी एकच मिळालं, 'मॅडम, इथं सगळ्यांचंच असं होतं.'

या वाक्याची गंमत अशी की ते खरं होतं. निम्मी पदं रिकामी, एकेका बाबूकडे दोन-तीन टेबलं, चार्ज घेताना यादी नाही, हालचाल नोंदवही कोरी, कार्यविवरण नोंदवही तपासणी आली की एका रात्रीत लिहिलेली. कोणतीही संचिका सात कामाच्या दिवसांहून अधिक काळ कुणाकडे पडून राहू नये, असं बदल्यांचा 2005चा तोच कायदा सांगतो. आमच्याकडे सात महिने पडून राहिलेल्या संचिकेला कुणी जुनी म्हणत नसे. अशा ठिकाणी नियम कुणाच्याच बाबतीत पाळला जात नाही. मग माझ्याच बाबतीत तो मोडला, हे मी दाखवायचं कसं?

बरीच वर्षं मला वाटे की कार्यालय ढिसाळ आहे आणि शिवाय काही माणसांच्या मनात जात आहे. दोन वेगळी दुखणी. हळूहळू लक्षात आलं की दुसऱ्या दुखण्याला पहिलं पोसत होतं. नियम नसला की जागा मर्जीनं भरते. मर्जी ओळखीवर चालते आणि ओळख नातंगोतं, गाव, लग्नकार्य, एका पंगतीला बसणं यावर. ज्याचा मामा जिल्ह्याला आहे त्याचं टेबल एका फोननं बदलतं. ढिसाळपणाचा त्रास सगळ्यांनाच होतो हे खरं, पण त्यातून वर काढणारा हात सगळ्यांना मिळत नाही. 'सगळ्यांचंच असं होतं' या वाक्याच्या आड ती निवड दडून राहते, आणि वर मोठे बाबू खऱ्या मनानं म्हणू शकतात, 'आम्ही जातपात मानत नाही.'

आमच्याच समाजातले एक अव्वल कारकून निवृत्तीच्या जवळ आले होते. त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी एकदा मला कक्षात येऊन समजावलं. 'बेटा, काम चोख ठेव आणि नजरेत येऊ नको. मी असंच काढलं. तू नियम नियम करत बसशील, तर नियमाचा पहिला फटका आपल्यालाच बसेल. वरच्याला कुणी विचारत नाही.' ते भित्रे नव्हते. ज्या काळात शाळेत मागं बसवत होते, त्या काळातून ते इथवर आले होते आणि त्यांची तीन मुलं शिकली होती. गप्प राहण्याची किंमत आणि त्यातून मिळालेलं माप, दोन्हींचा हिशेब त्यांच्याकडे होता. मला तो पटला नाही, पण तो चुकीचा आहे असं ठणकावून सांगायची माझी तेव्हा तयारी नव्हती. नजरेत न येणं माझ्या हाती नव्हतं, एवढंच मला दिसत होतं.

ते लवकरच खरं झालं. भोगवटादार वर्ग-2च्या एका जमिनीच्या विक्री परवानगीची संचिका वरून मागवली गेली आणि ती सापडेना. मला कारणे दाखवा नोटीस आली. अभिलेख कक्ष माझ्याकडे येताना आधीच्या बाबूंनी 'घ्या किल्ल्या' म्हणून चार्ज दिला होता. मी हट्टानं रॅकनिहाय यादी केली होती, ज्या संचिका प्रत्यक्षात आढळल्या नाहीत त्यांची वेगळी नोंद केली होती, आणि ते पत्र बारनिशीत देऊन आवक क्रमांकासह पोच घेतली होती. तेव्हा सगळे हसले होते. हवी असलेली संचिका त्या न आढळलेल्यांच्या यादीत होती. मी खुलाशासोबत पोच जोडली. त्यानंतर विषय थंडावला. माझ्यावरची नोटीस मागं घेतल्याचं कुणी कळवलं नाही, आणि ज्यांच्या काळात संचिका गेली त्यांना कुणी काही विचारलं नाही.

तिथं मी एक गोष्ट केली, जी दादांनाही आवडली नाही. माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माझ्याच कार्यालयात अर्ज टाकला. मागच्या काही वर्षांत किती संचिका गहाळ असल्याचं कार्यालयानं वर कळवलं, आणि त्यापैकी कितींसाठी कोणत्या पदावरच्या कर्मचाऱ्याला नोटीस दिली, एवढंच विचारलं. महाराष्ट्रात हा कायदा 2002मध्ये आला, देशात 2005मध्ये, पण आपल्याच साहेबाला अर्ज करणारा कर्मचारी आजही घरभेद्या समजला जातो. तीस दिवसांच्या मुदतीच्या अगदी शेवटी उत्तर आलं. गहाळ संचिकांची यादी लांबलचक होती. नोटीस एकच होती, अभिलेख कक्षाच्या लिपिकाला, म्हणजे मला.

त्या कागदात जात हा शब्द नव्हता. हेतूचाही उल्लेख नव्हता. पण 'सगळ्यांचंच असं होतं' या वाक्याचा त्यात निकाल लागला होता. गहाळ होणं सगळ्यांचं होतं. नोटीस एकटीची होती.

त्याचे पडसाद दोन उमटले. एक अपेक्षित होता. त्या वर्षीचा माझा गोपनीय अहवाल खाली आला. आधीची वर्षं 'अ' होती, आता 'ब', आणि शेऱ्यात लिहिलेलं: सहकाऱ्यांशी मिसळून वागत नाहीत, नियमांवर अवाजवी बोट ठेवतात. 1 एप्रिल ते 31 मार्च या काळातल्या कामाचं मोजमाप एका प्रतवारीत उतरतं, आणि बढतीपासून आश्वासित प्रगती योजनेच्या दहा, वीस, तीस वर्षांच्या लाभापर्यंत सगळं त्याच प्रतवाऱ्यांवर तोललं जातं. म्हणून तो 'ब' निरुपद्रवी नव्हता. 2008 साली देव दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अहवालातली प्रत्येक नोंद, ती वाईट असो वा बरी, कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. 2013मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. देव दत्त प्रकरणही असंच होतं: 'चांगला' असा शेरा, जो वरवर वाईट दिसत नाही, पण बढतीला 'अतिशय चांगला' लागतो. मी अहवालाची प्रत मागितली, अभिवेदन दिलं. त्यात जातीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. कक्षातल्या कामाची आकडेवारी लिहिली, आणि विचारलं की नियमांवर बोट ठेवणं अवाजवी केव्हा ठरतं. पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी शेरा काढला आणि प्रतवारी 'अ' केली. कारण लिहिलं नाही. मला चाललं.

दुसरा पडसाद दादांनी सांगितला होता तसाच होता, आणि तो मला जास्त लागला. अर्जाच्या उत्तरानंतर साहेबांनी 'आता सगळं नियमानं' असं जाहीर केलं. हजेरीची सक्ती झाली. पहिली नोटीस कुणाला? चहा वाटणाऱ्या त्या शिपायाला. तो चार वाजता निघून साहेबांच्या घरी भाजी पोचवायला जायचा. कागदावर तो गैरहजर होता. नियम आला तो असा, वरून खाली घरंगळत. मी त्याला म्हटलं, 'भाऊ, साहेबांच्या घरी जायचं ते हालचाल नोंदवहीत लिहून जा.' तो घाबरला, पण त्यानं लिहिलं: साहेबांचे निवासस्थान, भाजी. ती ओळ नोंदवहीत फार दिवस टिकली नाही, कारण घरी जायचं कामच बंद झालं. नियमाला मी शत्रू किंवा मित्र मानायचं सोडून दिलं ते तेव्हापासून. तो कपाटात असतो तोवर ज्याच्या हातात किल्ली त्याचा. फळ्यावर लागला की सगळ्यांचा.

2023 संपत आलं तेव्हा कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्यभरातले अभिलेख कक्ष उघडले गेले. मोडी वाचणारे आले, आमच्या धुळीला अचानक महत्त्व आलं. त्याच सुमाराला इतर जातींचे लोकही रांगेत होते, नेहमीसारखेच. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961पूर्वीचा, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967पूर्वीचा. माझ्याबद्दल वर्षानुवर्षं 'कोट्यातल्या' म्हणून बोलणारे एक सहकारी मुलीच्या प्रवेशासाठी आजोबांची नोंद शोधत आले. मी त्यांना अर्जाचा नमुना दिला, नकलेचं शुल्क घेतलं, पावती दिली, आणि त्यांच्या गावचं कोतवाल बुक काढून नोंद शोधून दिली. ते दोन वेळा 'मॅडम' म्हणाले. मला त्यात सूड घेतल्यासारखं वाटलं नाही. जातीचा कागद आपल्याला लागला की तो हक्क वाटतो आणि दुसऱ्याला लागला की सवलत वाटते, एवढं त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी उघड होतं. ते त्यांना जाणवलं का, मला माहीत नाही. पण 'कोट्यातल्या' हा शब्द नंतर माझ्या कानावर आला नाही.

त्यानंतर आलेल्या साहेबांनी कार्यवाटपाचा लेखी आदेश काढला आणि फळ्यावर लावला. त्यात मला संजय गांधी निराधार योजनेचं टेबल होतं. जातीयता संपली म्हणून तो निघाला नाही; त्यांना प्रत्येक कागदावर नाव हवं असे, म्हणून निघाला. चहाची वर्गणी माझ्याकडे त्यानंतरही कुणी मागितली नाही. मी थर्मास आणते. निराधारांच्या टेबलासमोर बसलेल्या एखाद्या म्हातारीला त्यातला चहा देते, तेव्हा तो वाया जात नाही.

दादा निवृत्त झाले त्या दिवशी म्हणाले, 'तुझं बरोबर होतं, असं मी म्हणणार नाही. पण तुझी यादी मी जपून ठेवली आहे.' त्यांच्याकडून एवढं पुष्कळ होतं. त्यांची रीत त्यांच्या काळात त्यांना तारून गेली. ज्या कार्यालयात दाद मागायला कायदा, अर्ज, पोच यांपैकी काहीच हाताशी नव्हतं, तिथं न दिसणं हेच संरक्षण होतं. आमच्या हाताशी थोडं अधिक आहे, आणि ते वापरलं नाही तर गंजतं.

नव्यानं लागलेल्या मुली आता मला विचारतात. कुणी आदिवासी असते, कुणी मुसलमान, कुणी एका पायानं अधू, कुणी नुसती परजिल्ह्यातली. त्यांना त्रास देणाऱ्यांच्या मनात काय आहे, हे त्यांना माझ्याकडून हवं असतं: 'ताई, ते जातीमुळंच असं वागतात का?' मी त्याचं उत्तर देत नाही. यादीशिवाय चार्ज घेऊ नका, तोंडी आदेश आला तर त्याच दिवशी 'आपल्या तोंडी आदेशानुसार' असं लिहून त्याची पोच घ्या, आणि आपल्याला जे मिळालं ते इतरांना मिळालेल्याच्या शेजारी ठेवून पाहा, एवढं सांगते. कुणाच्या मनातला पूर्वग्रह सिद्ध करायला गेलं की आपणच थकतो. तो मनातच राहतो आणि आपण भांडखोर ठरतो. मन वाचता येत नाही. कार्यवाटपाचा आदेश वाचता येतो, आणि तो निघालेलाच नसेल, तर का नाही निघाला हे लेखी विचारता येतं.